चहावरून मोजलेली मतं

निवडणुकीचा अंदाज बांधायची विद्या मला वडिलांकडून मिळाली. लोकांना वडिलांकडून घर मिळतं, शेत मिळतं, काहीच नाही तर मधुमेह तरी मिळतो. मला चहाचा नियम मिळाला.

आमचं उपनगर ठाण्याच्या पुढचं. तिथे वर्षानुवर्षं एकाच पक्षाचा माणूस निवडून यायचा. उमेदवार कोण, हे लोक मतदान करून घरी आल्यावर एकमेकांना विचारत. वडील त्या पक्षाचे हौशी कार्यकर्ते. निवडणूक लागली की कचेरीतून आल्या आल्या मतदारयादी काखोटीला मारून निघायचे. मी कॉलेजात होतो आणि मला घरी अभ्यास होता, म्हणून मी त्यांच्याबरोबर जायचो. वडिलांचा नियम साधा होता. ज्या घरी चहा मिळतो ते घर आपलं. ज्या घरी नुसतं पाणी, ते घर गेलं. आणि "आत्ताच झाला हो" म्हटल्यावरही ज्या घरी कप हातात कोंबतात, त्या घरातलं पाळण्यातलं मूलसुद्धा आपलं. हा नियम कधी चुकला नाही. चुकणार कसा? सगळं गाव एकाच बाजूला मत टाकत होतं. तिथे चहाऐवजी काढा मिळाला असता तरी नियम खराच ठरला असता. हे कळायला मला समुद्र ओलांडावा लागला आणि त्यानंतरही चाळिशी गाठावी लागली.

नव्वदच्या दशकात मी बहारीनला एका एअर कंडिशनिंगच्या कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. इमारतींतून गार हवा कुठून कशी फिरवायची याचे नकाशे काढायचे, हे माझं काम. घर ईसा टाउनला, आमच्या भारतीय लोकांच्या शाळेच्या फाटकासमोर. चिरंजीव त्याच शाळेत चौथीला. मी मराठीत ओरडायचो आणि ते इंग्रजीत दुर्लक्ष करायचे.

या शाळेचा कारभार पालकांनी निवडलेली समिती बघायची. दर काही वर्षांनी निवडणूक. एका कुटुंबाला एक मत. शाळेने दिलेलं पालक-कार्ड घेऊन आई किंवा बाप, कोणीही एकाने यायचं. म्हणजे नियम तसा होता. प्रत्यक्षात शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बाप यायचा, जुन्या पॅनेलला मत द्यायचा आणि येताना जिदहफ्सच्या बाजारातून मासळी घेऊन घरी जायचा. ईसा टाउनची आमची वस्ती या बाबतीत माझ्या उपनगराची सख्खी मावसबहीण. घरांत तीच शोकेस, शोकेसमध्ये तेच न वापरलेले कप, आणि मत म्हणजे जुनं पॅनेल. शिस्त, निकाल, मुलांच्या गळ्यात टाय. यात बदल करण्यासारखं काय आहे, असा सगळ्यांचा प्रश्न होता. नवं पॅनेल दर वेळी उभं राहायचं आणि दर वेळी पडायचं. त्यांच्या लोकांबद्दल आमच्याकडे फारसं वाईट बोलत नसत. फक्त "उत्साही आहेत" असं म्हणत. आमच्याकडे याहून मोठी शिवी नव्हती.

जुन्या पॅनेलचे प्रमुख पुण्याचे, एका बँकेत वरच्या हुद्द्यावर. त्यांना सगळे साहेब म्हणत. माणूस मोठा. शाळेच्या वाचनालयाच्या भिंती उभ्या राहत होत्या तेव्हा भर उन्हाळ्यात त्यांनी स्वतः विटा उचलल्याचं जुने लोक सांगत. आता मात्र ते विटांपासून बरेच दूर, गाडीच्या मागच्या सीटवर असत.

एकदा मराठी मंडळाच्या सहभोजनात, श्रीखंडाची तिसरी वाटी हातात असताना, मी चहाचा नियम सांगितला. सांगितला म्हणजे काय, वडिलांचं उपनगर मीच जिंकून दिलं होतं असा सूर लावला. साहेब ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन.

"या वेळी मराठी घरांची जबाबदारी तुमच्यावर. ईसा टाउनची तर आहेतच, पण ती पुलापलीकडची अरादची कोकणातली मंडळीसुद्धा. तुमचा अनुभव दांडगा आहे म्हणे."

"आहे ना साहेब," मी म्हणालो.

"निवडून आलो की तुम्हाला क्रीडादिनाच्या समितीवर घेऊ."

क्रीडादिनाच्या समितीवरच्या लोकांना निळा ब्लेझर आणि छातीवर बिल्ला मिळायचा. चाळीस डिग्रीत ब्लेझर घालून घामाने निथळणारी ती माणसं मी दर वर्षी पाहायचो आणि मला त्यांचा मनापासून हेवा वाटायचा.

बायकोला सांगितलं तर ती लसूण सोलत होती. "लोक तुम्हाला चहा देतात त्याचं कारण वेगळं आहे," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही उठत नाही."

मी वही केली. डाव्या बाजूला घरं, उजवीकडे चहाची नोंद. दोन आठवडे दर संध्याकाळी मी ईसा टाउनमध्ये चहा पीत हिंडलो. आल्याचा, वेलचीचा, डब्यातल्या दुधाचा, एकदा चुकून मिठाचा. सगळीकडे चहा. वहीत बरोबरच्या खुणांची रांगच लागली. एका घरी मी साहेबांच्या पॅनेलचं नाव काढल्यावर गृहस्थ "इंशाल्ला" म्हणाले, आणि मी त्यांच्यापुढे दोन खुणा केल्या. त्या दोन आठवड्यांत पित्ताने माझी झोप उडाली, तेवढं सोडलं तर विजय माझ्या खिशात होता.

अरादला मी मुद्दाम शेवटी गेलो, कारण तिथे ओळखीचं घर होतं. आमच्या कंपनीतले एक मेकॅनिक, मूळचे रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचे. मी त्यांना भाई म्हणायचो, ते मला भाऊ. माझ्या नकाशांतल्या चुका छतावर चढून दुरुस्त करणारा हा माणूस. मी ज्या ठिकाणी हवेचा डक्ट दाखवायचो तिथे तुळई निघायची, आणि भाई वरून ओरडायचे, "भाऊ, तुमची हवा तुळईतून जानार काय?" घरी भाभी आणि सातवीतली एक मुलगी. मुलगी हुशार, चष्मेवाली, नाकापुढे पुस्तक.

मी टेकतो न टेकतो तोच भाभींनी आतून सांगितलं, "चाय टाकलीय, बसा." मी तिथेच वही काढून खूण केली. मग चहा आला, बरोबर घावन आले. घावनांसाठी वहीत रकानाच नव्हता.

"भाऊजी, एक इचारायचं होतं," भाभी दारातच उभ्या राहून म्हणाल्या. "अरादची बस बंद करनार म्हनतात. खरं काय?"

त्या बाजूची मुलं कमी, अरादहून शाळा लांब. ती बस अर्धी रिकामी धावायची, हे मला माहीत होतं. बंद होणार हे मात्र मी ऐकलं नव्हतं.

"कोण म्हणालं? छे!"

भाई सावकाश बोलले. "बस बंद झाली तर आमचं कठीण हाय, भाऊ. माझी ड्यूटी सहाला. हिला गाडी येत नाय. टॅक्सीनं रोज पोरीला धाडायची? मग हिला नि पोरीला गावाला पाठवनं आलं. तिकडच्या शाळेत घालायचं." त्यांनी कपाकडे बघितलं. "आनी मी परत बॅचलर. आठ जनांच्या खोलीत. सहा वर्सं काढलीत मी तशी, ही यायच्या आधी."

मुलीने पुस्तक खाली केलं. तिला मराठी सगळं कळायचं, बोलायची इंग्रजीत. "अंकल, इज इट स्टॉपिंग?"

आता खरं म्हणजे "विचारून सांगतो" एवढं म्हणता आलं असतं. पण समोर घावन होते, हातात वही होती, आणि मी जुन्या पॅनेलचा अरादचा प्रमुख होतो. मी म्हणालो, "बस बंद होणार नाही. माझा शब्द."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

भाभींनी न विचारता दुसरा कप भरला. मी दुसरी खूण केली.

दुसऱ्या दिवशी साहेबांना आकडे द्यायला त्यांच्या बँकेत गेलो. सगळं सांगून झाल्यावर सहज म्हटलं, "अरादच्या बसचं काहीतरी उठवलंय कोणीतरी. मी सांगून टाकलं, असं काही नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "अहो, ठरलंय ते. ती बस बंद करून त्या पैशात सायन्सची लॅब नीट करायची. दहावीची पोरं तुटक्या बीकरवर प्रयोग करतायत. निवडणुकीनंतर जाहीर करू, आत्ता कशाला गोंधळ?" मग प्रेमाने म्हणाले, "तुमचं काम छान चाललंय. ब्लेझरचं माप द्या."

लॅबचं ते खोटं बोलत नव्हते. बीकर खरंच तुटके होते. मी उठून सांगायला हवं होतं की साहेब, मी शब्द देऊन बसलोय. मी माप सांगितलं. छाती अडतीस. खरी छत्तीसच होती, पण ब्लेझर मिळणार या कल्पनेने दोन इंच फुगलो असेन.

घरी आलो आणि बायकोपुढे बोलून गेलो. मला गोष्ट पोटात ठेवता येत नाही, माझं पोट चहाने भरलेलं होतं. अरादची बस, भाईंची आठ जणांची खोली, चष्मेवाली पोर, माझा शब्द, साहेबांची लॅब, सगळं. शेवटी म्हटलं, "काय करणार? मोठ्या गोष्टींत असं होतं."

बायकोने पाण्याचा ग्लास आणून समोर ठेवला.

"चहा?"

"पाणी प्या."

मी पाणी प्यालो, टीव्ही लावला. वहीत माझ्या स्वतःच्या घरापुढे पहिल्याच दिवशी केलेली खूण होती, ती मी पुन्हा तपासली नाही. वडिलांचा नियम आयुष्यात एकदाच खरा ठरत होता आणि मी बातम्या बघत होतो.

इथे आमच्या बायकोच्या टेलिफोनबद्दल सांगायला हवं. शाळा दुपारी दीडला सुटायची. आमच्या खिडकीतून बसगाड्या निघताना दिसत. एखादी बस निघाली की बायको त्या मार्गावरच्या पहिल्या थांब्यावरच्या आईला फोन करायची आणि एक रिंग झाली की ठेवून द्यायची. एक रिंग म्हणजे बस निघाली, उन्हात आत्ताच उभ्या राहू नका, पण चप्पल घाला. ती आई पुढच्या थांब्याला एक रिंग द्यायची, ती तिच्या पुढच्या. अशी साखळी पुलापलीकडे मुहर्रकपर्यंत जायची. बस बिघडली, मूल आजारी पडलं, असं काही असलं की मग रिंग वाजत राहायची आणि उचलून बोलायचं. ही व्यवस्था वर्षानुवर्षं चालू होती. मी दुपारी कचेरीत असल्यामुळे मला तिचा पत्ता नव्हता. शाळेच्या मार्गावरची एकूण एक आई माझ्या बायकोला आवाजावरून ओळखत होती, आणि घराघरांतून चहा पीत हिंडणारा मी स्वतःला जबाबदार कार्यकर्ता समजत होतो.

पुढचे काही दिवस संध्याकाळी आमचा फोन सारखा एंगेज लागायचा. मी समजलो, गौरीगणपतीची तयारी.

मतदानाच्या शुक्रवारी सकाळी सातला बायको म्हणाली, "अरादच्या भाईंची आज ड्यूटी आहे. भाभींना आणि त्यांच्या शेजारणींना मतदानाला आणा की गाडीतून."

मला भरून आलं. "तुलाही आता राजकारण कळायला लागलं!"

"थोडं थोडं," ती म्हणाली.

मी गाडी काढली. पुलावरून मुहर्रक, तिथून अराद. भाभी, त्यांच्या दोन शेजारणी, आणि खिडकीशी चष्मेवाली मुलगी. भाभींनी मला कागदात गुंडाळलेलं काहीतरी गरम दिलं. "सकालीच निघालात, काय खाल्लं नसनार."

आम्ही परत निघालो. गाडीतला एसी, मी दिवसभर गार हवेचे नकाशे काढत असूनही, नेहमीप्रमाणे घरघर करत गरम हवा सोडत होता. मुलगी पाण्याकडे बघत होती. मधेच म्हणाली, "अंकल, आय टोल्ड माय टीचर. द बस इज नॉट स्टॉपिंग. यू प्रॉमिस्ड."

मी गाडी पुलाच्या कडेला घेतली. तिथे थांबायला बंदी होती, मागून हॉर्न वाजायला लागले. पण गाडी चालवत हे मला बोलता आलं नसतं.

"भाभी, मी खोटं बोललो," मी म्हणालो. "म्हणजे तेव्हा माहीत नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी कळलं. बस बंद करायचं ठरलंय. मला कळूनही मी गप्प बसलो. तुम्ही माझ्या शब्दावर त्या पॅनेलला मत देऊ नका."

मागची एक शेजारीण तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"आमाला ठाऊक हाय, भाऊजी," भाभी म्हणाल्या. "आठ दिस झाले. वहिनींचा फोन आलता."

"कोणत्या वहिनींचा?"

"तुमच्याच! आनी कुनाचा?"

मी आरशातून बघितलं. भाभी हसत नव्हत्या. त्या मला न्याहाळत होत्या. छतावरून भाई माझ्या नकाशाकडे असंच बघायचे.

"मग मला हे खायला...?"

"उपाशी आलात म्हनून दिलं. मताचं काय त्यात? त्या दिवशी चाय दिली तीबी पावनं आलात म्हनून. कुनीबी आलं असतं तरी दिली असती." मग हळू आवाजात, "सांगितलंत ते बरं केलंत. भाईंना मी सांगेन. ते म्हनत होते, भाऊ असा नाय."

मुलीने चष्मा पुसला. "सो यू लाइड, अंकल."

"हो."

"ओके," ती म्हणाली. ब्लेझर मिळता मिळता राहिल्याचं मला पुढे कधी वाईट वाटलं नाही, पण ते ओके मला अजून टोचतं. मागच्या गाडीवाल्याने खिडकी खाली करून "यल्ला, यल्ला" म्हणत हात हलवला आणि मी गाडी पुढे घेतली.

शाळेच्या फाटकाशी जुन्या पॅनेलचा मांडव होता. त्यात थर्मासातून चहा वाटायची कल्पना माझीच. मांडवात बायकाच बायका. इस्त्रीचे शर्ट घातलेले बाप कुठे दिसेनात. बरेच जण शिफ्टवर आणि उरलेले, नंतर कळलं, मुलं सांभाळत घरी. प्रत्येक बाईच्या हातात पालक-कार्ड आणि दुसऱ्या हातात आमचा चहा. त्या माझा चहा पीत होत्या, "छान झालाय हं" म्हणत होत्या आणि आत जात होत्या.

साहेब माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "काय गर्दी खेचलीत! चला, तुमचं स्वतःचं मत देऊन या."

मी ठरवलं होतं, आत जाऊन नव्या पॅनेलवर शिक्का मारायचा. आयुष्यात पहिल्यांदा बाजू बदलणार होतो. पाकीट उघडलं तर कार्ड नाही. टेबलावरच्या बाईंनी यादी बघितली.

"सर, तुमच्या घरचं मत झालंय. सकाळी आठ वाजता. पहिलंच."

मी गाडी घेऊन पुलावर होतो तेव्हा.

साहेब मागे उभे होते. "वा! घरचं मत सगळ्यात आधी. याला म्हणतात निष्ठा!" असं म्हणून त्यांनी माझा हात दाबला. त्यांचा तळहात घामेजलेला होता. मला त्यांची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. दोन्ही एकदम आली की माणूस फक्त मान हलवतो.

त्याच दुपारी मोजणी झाली. साहेब स्वतः कसेबसे निवडून आले, पण पॅनेलचं बहुमत गेलं. ईसा टाउनमध्ये असं पूर्वी झालं नव्हतं. रिकाम्या मांडवात साहेब एका खुर्चीवर बसले होते. मी वही घेऊन शेजारी बसलो.

"तुमचा आकडा काय होता?" त्यांनी विचारलं. रागाने नाही.

"सगळे, साहेब. सगळ्यांनी चहा दिला होता."

त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "मला कोणाच्या घरी जाऊन किती वर्षं झाली, आठवत नाही हो," ते म्हणाले. "त्या बसमध्ये कोण बसतं, हे मला एकाने तरी सांगायचं."

एकाला ते माहीत होतं. तो त्यांच्या शेजारीच बसला होता. मी ते त्यांना तिथेच सांगितलं, भाईंच्या खोलीसकट. साहेब शांतपणे म्हणाले, "बँकेत आलात त्या दिवशी सांगितलं असतंत तर?" मी वही मिटली. छाती छत्तीसच होती.

संध्याकाळी बायकोला विचारलं, "मत कुणाला दिलंस?"

"मत गुप्त असतं."

"अगं, पण मला आधी सांगायचंस तरी!"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "चहा दिला नव्हता."

मी वडिलांना पत्र लिहिलं, की तुमचा नियम इकडे चालत नाही. त्यांचं उत्तर आलं ते नेहमीपेक्षा आखूड होतं. तिकडेही निवडणूक होऊन गेली होती. घरोघर चहा मिळाला, आणि उमेदवार पडला. लोक बदलले, की पूर्वीपासून असेच होते आणि आपण फक्त कप मोजत होतो, काही समजत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. शेवटी ताजा कलम: तुझ्या आईला विचारलं, तर ती म्हणते, मत गुप्त असतं.

पालकांची पहिली सभा झाली. लॅब हवी होती, बसही हवी होती, दोन्ही कसं जमवायचं यावर भांडण झालं. मोठी बस काढून लहान गाडी ठेवायची, असं साहेबांनीच सुचवलं. पण गाडी जुनी, एखाद्या सकाळी आली नाही तर अरादची मुलं काय करणार? तेव्हा मागच्या रांगेतून माझ्या बायकोने हात वर केला आणि माझं नाव सांगितलं.

अशा रीतीने मी शेवटी समितीवर गेलो. ब्लेझर नाही, बिल्ला नाही. रोज सकाळी पावणेसहाला अरादहून आमच्याकडे फोन वाजायचा. एक रिंग झाली की गाडी आली, झोपा. वाजत राहिला की उठा, किल्ली घ्या, पूल ओलांडा, मुलांना शाळेत सोडा आणि मग कामावर जा. दिलेल्या शब्दाची फेड आमच्या घरी अशी ठरली. चष्मेवालीची दहावी होईपर्यंत मी तो फोन ऐकला. महिन्यातून दोनतीनदा तरी वाजत राहायचा. भाई छतावरून ओरडायचे, "भाऊ, आज पन तुमीच बस?" ते आठ जणांच्या खोलीत परत गेले नाहीत. त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही. पण माझे नकाशे विसरलेल्या तुळया त्यांनी पूर्वीसारख्याच ओरडत टाळल्या.

मुलीच्या दहावीच्या शेवटच्या पेपरच्या सकाळी फोन वाजत राहिला. मी ताडकन उठलो. पायजम्यावरच शर्ट चढवला, बटणं एक घर खाली लागली, पुलावर गाडी अशी हाकली की पोलिसाने पकडलं असतं तर मी त्यालाही अरादला नेलं असतं. पोचलो तर दाराशी भाभी एकट्याच.

"पोरगी?"

"गेली की गाडीतून. कवाच."

"मग फोन का वाजवलात?"

"त्याबिगर तुमी येनार काय? निवडनूक नाय, काय नाय." त्यांनी दार पूर्ण उघडलं. आत भाई ड्यूटी तासभर पुढे ढकलून, कामाचे कपडे घालून बसले होते आणि माझ्या बटणांकडे बघून हसत होते. तिपाईवर तीन कप होते.

"बसा," भाभी म्हणाल्या. "चाय टाकलीय."